पावसाळ्यात एटीव्हीचं फोर बाय फोर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईत आमचं छोटं गॅरेज आहे. पाचगणी-महाबळेश्वरकडच्या भाड्यानं फिरणाऱ्या एटीव्ही (जाड टायरच्या, मोटारसायकलसारखं हँडल असलेल्या चारचाकी), जावळी-पाटणमधल्या शेतावरच्या गाड्या आणि अलीकडं शिराळा-वाळव्याकडच्याही काही गाड्या इथं दुरुस्तीला येतात. जून लागला की फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, फोर बाय फोरचे, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणाऱ्या सोयीचे. फोनवर घाईत सांगितलेलं अर्धवट कळतं आणि या विषयात अर्धवट कळणं अंगाशी येतं, म्हणून उत्तरं सविस्तर लिहून ठेवली आहेत.

फोर बाय फोरचं बटण दाबल्यावर गाडीत नेमकं काय होतं?

इंजिनाची ताकद बेल्टमधून गिअरबॉक्सला जाते. तिथून एक शाफ्ट मागच्या चाकांकडे आणि एक पुढच्या चाकांकडे जातो. टू-व्हीलवर असताना पुढची जोडणी सुटलेली असते, त्यामुळं पुढची चाकं नुसती ढकलली जातात. बटण दाबलं की काही गाड्यांत छोटी मोटर एक दातेरी स्लीव्ह सरकवून शाफ्ट जोडते, तर काहींत कॉइलमध्ये वीज जाऊन तिचं चुंबक बनतं आणि ते क्लच जागा करतं.

याचा फायदा हिशेबात बघा. समजा गाडी ३५० किलोची आणि वर ७० किलोचा माणूस, म्हणजे एकूण ४२० किलो. सपाटीवर साधारण निम्मा भार मागच्या चाकांवर असतो. ओल्या मातीवर चाकाची पकड भाराच्या ३० टक्के आहे असं धरू. टू-व्हीलवर मागची दोन चाकं २१० किलोवर ६३ किलोचा रेटा देतील. फोर बाय फोरवर चारही चाकं मिळून १२६ किलोचा देतील.

आता समोर एकास पाच असा चढ आहे, म्हणजे पाच फूट पुढं गेलं की एक फूट वर. त्या चढावर ही गाडी नुसती धरून ठेवायलाच सुमारे ८२ किलोचा रेटा लागतो. चढावर थोडा भार मागं सरकतो, त्यामुळं टू-व्हीलचे ६३ किलो वाढून पंच्याहत्तरच्या आसपास जातील, तरी कमीच पडतील. फोर बाय फोरनं गाडी चढून जाईल. शिवाय पुढची चाकं स्वतः फिरत असल्यामुळं चिखल नांगरत न बसता त्यावर चढतात.

जमिनीची पकड मात्र होती तेवढीच राहिली. ती ३० टक्के होती आणि ३० टक्केच आहे. गाडी फक्त ती चारही चाकांवर वापरायला लागली.

चढताना गाडी आरामात चढते. मग उतरताना का घसरते?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो बहुतेक वेळा पडून झाल्यावर विचारला जातो.

ब्रेक टू-व्हीलवर असो की फोर बाय फोरवर, चारही चाकांना लागतात. म्हणजे थांबण्याच्या बाबतीत फोर बाय फोरनं एका किलोचीही भर पडत नाही. वरचाच हिशेब उतारासाठी करा. चारही चाकांचे ब्रेक मिळून साधारण १२३ किलोपर्यंत अडवू शकतात, त्यातले ८२ उताराच्या ओढीलाच जातात. वेग कमी करायला उरतात चाळीस-एक. तेवढ्यात पावसाची सर आली, वरची माती साबणासारखी झाली आणि पकड ३० वरून २० टक्क्यांवर आली, तर शिल्लक शून्य. मग ब्रेक कितीही दाबा, एकदा सुटलेली गाडी त्या उतारावर थांबणार नाही.

टू-व्हीलवर असता तर तुम्ही त्या चढाच्या पायथ्यालाच अडकला असता. फोर बाय फोर तुम्हाला अशा ठिकाणी वर नेऊन ठेवतं, जिथून खाली आणण्याची सोय त्याच्याकडं नाही.

मी स्वतः यातून गेलो आहे. मेढ्याच्या वरच्या अंगाला आमचं शेत आहे. श्रावणात खताच्या गोण्या मागच्या रॅकवर बांधून वर गेलो, गाडी एकदाही अडखळली नाही. गोण्या उतरवल्या आणि रिकामी गाडी घेऊन निघालो. मागचा भार गेलेला, त्यात उतारामुळं वजन पुढं आलेलं, म्हणजे मागची चाकं हलकी झाली होती. माझ्या गाडीचं फोर बाय फोर ऑन-डिमांड, म्हणजे गरज पडली की आपोआप लागणाऱ्या प्रकारचं आहे, त्यात उतरताना पुढची चाकं मोकळी फिरतात आणि इंजिनचा ब्रेक (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन चाकांना अडवतं तो) फक्त मागच्या चाकांना लागतो. ॲक्सिलरेटर सोडल्याबरोबर मागची चाकं जवळजवळ जाम झाली, गाडी आडवी फिरली आणि बांधाच्या दगडांवर जाऊन टेकली. गुडघा महिनाभर दुखत होता. नंतर चालत वर जाऊन वाट बघितली. चढतानाच्या टायरच्या नक्षीचे ठसे मातीत स्वच्छ उमटले होते. उतरतानाच्या जागी एकही ठसा नव्हता, नुसते दोन चकचकीत पट्टे होते, थापीनं गिलावा घोटावा तसे.

तेव्हापासून माझा नियम आहे. नवी वाट असेल तर आधी चालत जायचं आणि आपला बूट उतरताना कितपत घसरतो ते बघायचं. तोल सांभाळायला हात पसरावे लागले, तर गाडी वर न्यायची नाही. ती वाट फोर बाय फोरनं चढेल हे माहीत असलं तरी नाही.

उतरायचंच असेल तर लो गिअर, वेग चालण्याइतका, वजन मागं सरकवलेलं, हँडल सरळ आणि ब्रेक हलके, सोडून-सोडून. काही गाड्यांत उतरताना पुढच्या चाकांनाही इंजिनचा ब्रेक देणारी वेगळी सोय असते. ती असेल तर माथ्यावरच चालू करा, अर्ध्या उतारात नको.

फोर बाय फोरवर असूनही पुढचं एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं गप्प उभं राहतं. हा बिघाड आहे का?

बहुधा नाही. तो डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या जुळणीचा, स्वभाव आहे.

बैलगाडीचं जू मध्यावर दांडीला बांधलेलं असतं. एक बैल चिखलात घसरून ओढायचा थांबला, की दुसरा कितीही ताकदीचा असला तरी जू तिरकं होतं आणि त्याची ओढ वाया जाते. साधं, मोकळं डिफरन्शियल असंच वागतं. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, त्यामुळं घसरणाऱ्या चाकाला जेवढा जोर पेलतो तेवढाच दुसऱ्याच्याही वाट्याला येतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, त्यासाठी हा मोकळेपणा लागतोच.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे लगेच समजतं. उसाच्या फडात एक चाक रुतून फिरायला लागलं की टाचेजवळचं डिफरन्शियल लॉकचं पेडल दाबतात आणि दोन्ही चाकं बांधली जातात. एटीव्हीचा डिफ लॉक हेच काम पुढच्या चाकांसाठी करतो. मागं बहुतेक एटीव्हींना दोन्ही चाकं कायम एकत्रच फिरतात.

माझ्या गाडीत कोणता प्रकार आहे हे कसं ओळखायचं?

स्विच बघा. टू-व्हील, फोर बाय फोर आणि लॉक अशा तीन जागा असतील तर हातानं लावायचा डिफ लॉक आहे. हा सगळ्यात खात्रीचा, पण लावल्यावर हँडल जड होतं आणि गाडी वळायला तयार नसते. काही गाड्यांत लॉक लावल्यावर वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास रोखलेला असतो, तो बिघाड नव्हे.

स्विचला दोनच जागा असतील तर पुढचे प्रकार संभवतात.

लिमिटेड स्लिप: एक चाक जास्त फिरू लागलं की आतली रचना थोडा जोर दुसऱ्याकडं वळवते. यातल्याच एका जातीत घट्ट द्रव असतो. दोन चाकांच्या वेगात फरक पडला की त्याचा दाब तयार होतो आणि क्लचच्या चकत्या आवळल्या जातात. इथं चाक थोडं घसरल्याशिवाय लॉक होतच नाही. म्हणून चाक फिरलं की लगेच ॲक्सिलरेटर सोडू नका, हलका आणि एकसारखा धरून ठेवा.

ऑन-डिमांड: मला यातली कारागिरी फार आवडते. पुढच्या गिअरबॉक्समध्ये पिंजऱ्यात बसवलेले रोलर असतात. दातांचं गणित असं ठेवलेलं असतं की पुढचा शाफ्ट चाकांच्या मानानं मुद्दाम थोडा हळू फिरतो. मागची चाकं पकडून चालत असतील तोवर पुढची चाकं जमिनीमुळं शाफ्टच्या पुढं पळतात आणि रोलर मोकळे राहतात. मागची चाकं घसरली की शाफ्टचा वेग पुढच्या चाकांना गाठतो, रोलर पाचरीसारखे अडकतात आणि दोन्ही पुढची चाकं एकदम ओढायला लागतात. यात वेगळा डिफ लॉक लागत नाही. उतारावरचं त्याचं वागणं मात्र वर सांगितलं आहे, ते विसरू नका.

बटण कधी दाबायचं?

चिखलाच्या आधी. रुतल्यावर, मागची चाकं गरगर फिरत असताना बटण दाबलं तर थांबलेली पुढची यंत्रणा एका झटक्यात फिरत्या शाफ्टला जोडली जाते आणि दात किंवा शाफ्ट तुटतो. आमच्याकडं येणाऱ्या तुटक्या फ्रंट शाफ्टचं हेच नेहमीचं कारण आहे. विसरलात तर आधी ॲक्सिलरेटर सोडा, चाकं पूर्ण थांबू द्या, मग दाबा.

दाबल्यावर दिवा लुकलुकत राहिला तर दात अजून समोरासमोर आलेले नाहीत. गाडी हातभर पुढं-मागं घ्या, हँडल दोन्हीकडं हलवा. बसल्याचा ‘टक्’ असा आवाज येतो, पावसात इंजिन चालू असतानाही तो पायाला जाणवतो.

कायम फोर बाय फोरवरच ठेवली तर चालेल का?

ऑन-डिमांडवाल्यांना फारसा त्रास नाही. बाकीच्यांनी कोरड्या, कडक जमिनीवर आणि डांबरावर ठेवू नये. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठी फेरी घेतात. चिखलात हा फरक चाकाच्या थोड्याशा घसरण्यात निघून जातो, डांबरावर तो शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. हँडल जड होतं, टायर झिजतात, शेवटी दात जातात.

महाबळेश्वरचा चिखल आणि सांगलीचा चिखल यात फरक पडतो का?

फार पडतो. गाडी तीच, बटण तेच, पण चालवायची रीत वेगळी.

महाबळेश्वर-पाचगणी-जावळीकडं जांभ्याची लाल माती. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात ही माती वरून लोण्यासारखी होते, पण चार बोटं खाली बहुतेक ठिकाणी कडक थर लागतो. इथं टायरनं वरचा थर कापून खाली टेकायला हवं. म्हणून फार रुंद टायर उपयोगाचे नाहीत, आणि ॲक्सिलरेटर शांत हवा. चाक जोरात फिरलं की ते माती घोटून आणखी गुळगुळीत करतं.

उघड्या जांभ्याच्या कातळावर शेवाळ धरलेलं असतं. त्याच्याइतकं फसवं दुसरं काही नाही. सपाट दिसतं, म्हणून लोक वेगात जातात. तिथं टायरच्या खोल नक्षीचाही उपयोग नाही, कारण तिला रुतायला काही मिळतच नाही. सरळ जा, हळू जा, वळू नका, ब्रेक लावू नका.

वाळवा-मिरजेकडची काळी माती पाणी पिऊन फुगते. तिथल्या पाणंदीत दोन-दोन फूट खाली गेलं तरी कडक तळ लागत नाही, आणि चाकाला चिखलाचे गोळे असे चिकटतात की टायरची नक्षी भरून गुळगुळीत भोपळा होतो. इथं उलटी रीत. टायर रुंद आणि हवा कमी, म्हणजे गाडी वरच्यावर तरंगत जाईल. थांबायचं नाही. नक्षी भरली तर क्षणभर चाक जोरात फिरवून चिखल उडवायचा आणि पुन्हा शांत व्हायचं. या मातीत नक्षीच्या ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा असलेले टायर घ्या.

पाणंदीत उसाचं पाचट पसरलेलं असेल तर उतरून बघा. ओलं पाचट एक्सेलभोवती गुंडाळतं आणि एक्सेलच्या जॉइंटवरची रबरी आवरणं (त्यांना बूट म्हणतात) व तेल अडवणारं सील फाडतं.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

एटीव्हीला मोटारसायकलसारखी पंचवीस-तीस पौंड हवा भरणारे पाहिले की जीव कळवळतो. बहुतेक एटीव्हींना ५ ते ७ पौंड पुरते. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. पंपावरच्या गेजवर एवढी कमी हवा नीट मोजता येत नाही, कमी दाबाचा गेज वेगळा घ्या.

चारही टायर एकाच कंपनीच्या संचातले आणि गाडीला सांगितलेल्या मापाचेच ठेवा. पुढचे-मागचे टायर आणि शाफ्टच्या दातांचं गणित एकत्र बसवलेलं असतं. मागं मोठे टायर घातले की ऑन-डिमांड उशिरा लागतं. पुढं मोठे घातले तर गरज नसताना लागून राहतं आणि हँडल ओढतं.

चिखलात जळल्याचा वास येतो. काय करू?

थांबा. तो बेल्ट आहे. हाय गिअरमध्ये जड चिखल ओढताना बेल्ट पुलीवर घसरतो, तापतो आणि जळतो. रुतायची जागा दिसली की गाडी थांबवून लो गिअर टाका आणि मगच पुढं जा. फोर बाय फोर आणि लो गिअर ही जोडी आहे, लोक पहिलं लावतात आणि दुसरं विसरतात.

ओढा किंवा पाण्याखाली गेलेली फरशी ओलांडता येते का?

संथ पाण्यात पाय ठेवायच्या पट्टीच्या खालीच पाणी असेल आणि तळ चालत जाऊन तपासला असेल तर हळू जाता येतं. वाहतं पाणी असेल तर नाही. एटीव्हीचे टायर हवेनं भरलेले मोठे फुगे आहेत. पाणी वाढलं की ते गाडी उचलतात, चाकांवरचा भार जातो आणि वरच्या हिशेबातला ४२० चा आकडाच शिल्लक राहत नाही. मग एक चाक चालवा नाहीतर चार. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा-वारणेकाठानं काय सोसलं ते आपण विसरलेलो नाही. फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी अलीकडंच ठेवा.

बाहेर आल्यावर दहा-वीस पावलं हलका ब्रेक धरून चालवा म्हणजे ब्रेक सुकतील. बेल्टच्या डब्यात पाणी गेलं तर इंजिन आवाज करतं पण गाडी सरकत नाही. डब्याच्या तळाशी बूच असतं, ते उघडून पाणी काढा.

चढावर मध्येच बंद पडली किंवा चाकं फिरायला लागली तर?

वजन पुढं टाका, ब्रेक धरा, पार्किंग ब्रेक लावा. चढाच्या बाजूनं उतरा, उताराच्या बाजूनं कधीच नाही. चढावरच गाडी वळवायचा प्रयत्न करू नका, आडव्या गाडीला उलटायला फार थोडा धक्का पुरतो. गाडी मागं घसरायला लागलीच तर ॲक्सिलरेटर देऊ नका, ब्रेक हळूहळू आवळा. आटोक्यात येत नसेल तर गाडी सोडून बाजूला व्हा.

मागं कुणाला बसवता येतं का? मुलांना चालवायला देऊ का?

एकाच माणसासाठी बनवलेल्या गाडीवर दुसरा नको. घसरड्यावर चालवणाऱ्याला पुढं-मागं, डावं-उजवं अंग टाकावं लागतं, तेच थांबतं. मोठ्या माणसांसाठी बनवलेल्या गाड्या १६ वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असं कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येच असतं. सुट्टीला आलेल्या भाच्या-पुतण्यांचा हट्ट असतो, मला माहीत आहे. तरीही नाही म्हणा. हेल्मेट मात्र सगळ्यांना, स्वतःच्या शेतातसुद्धा.

कास पठारावर किंवा सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) नेता येईल का?

नाही. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथं कातळावर मातीचा थर कुठं कुठं बोटभरच आहे आणि त्यावरच ती फुलं येतात. फोर बाय फोरचं एक चाक जागेवर दोनदा फिरलं तरी तो थर निघून जातो. नाव नसलेल्या सड्यांवरही हेच लागू आहे, तिथं अडवायला कुणी नसलं तरी. चांदोली आणि कोयनेच्या जंगलातही गाडी घालायची नाही.

बहुतेक एटीव्ही फक्त ऑफ-रोड वापरासाठी विकल्या जातात, त्यांना आरटीओ पासिंग नसतं. अशी गाडी रस्त्यानं न्यायची असेल तर टेम्पोत चढवून न्या.

फोर बाय फोर लागत नाही असं वाटतंय. गॅरेजला आणण्याआधी घरी काय बघू?

सैल मुरुमावर लो गिअरमध्ये घ्या, मागं थोडा बोजा बांधून ओढा आणि कुणाला तरी बाजूला लांब उभं करून पुढची चाकं बघायला सांगा. मागची चाकं खडी उडवताहेत आणि पुढची नाहीत, तर यंत्रणा लागत नाही.

मग फ्यूज बघा. स्विचपासून पुढच्या गिअरबॉक्सकडं जाणारी वायर बघा, चिखल आणि उंदीर यांनी ती बऱ्याचदा तोडलेली असते. कनेक्टर उघडून आत हिरवा गंज आहे का पाहा. त्यानंतर पुढच्या गिअरबॉक्सचं तेल. बूच उघडून थेंबभर बोटावर घ्या. दुधी, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. सील बदला आणि तेलही. तेल बदलताना कंपनीनं सांगितलेलंच घाला. ऑन-डिमांड गाडीत साधं ९० नंबरचं गिअर ऑइल घातलं तर रोलर नीट पकडत नाहीत आणि चांगली गाडी बिघडल्यासारखी वाटते. अशा गाड्या उघडून, आत काहीही तुटलेलं न सापडता, फक्त योग्य तेल भरून आम्ही परत पाठवल्या आहेत.

एक्सेलचे रबरी बूट बोटानं दाबत पूर्ण फिरवून बघा. फाटलेल्या घडीतून ग्रीस बाहेर आलेलं असेल तर पुढच्या पावसाची वाट बघू नका, आतला जॉइंट चिखलात फार दिवस टिकत नाही.